वाऱ्याचा डोळा

मे महिन्यातली गोष्ट. पाऊस सुरू व्हायच्या आत गावच्या घराची डागडुजी उरकून घ्यायची म्हणून आठ दिवस रजा टाकून गोव्यातल्या सावईवेऱ्याला आईकडे जाऊन राहिलो होतो. बहिणीची मुलगीही सुट्टीला तिथेच होती, दुसरीतून तिसरीत जाणारी. दुपारची जेवणं झालेली, मी बाबांच्या खोलीत उभा राहून ॲल्युमिनियमवाल्याला फोनवर स्लायडिंग खिडकीचं माप सांगत होतो, साडेतीन बाय चार, टू ट्रॅक करायची की थ्री ट्रॅक, जाळी आतून की बाहेरून, आणि ती तिथेच गार कोब्यावर पालथी पडून शाळेने दिलेली स्पेलिंगं लिहीत होती. मध्येच तिने मान वर केली. मामा, विंडोमध्ये विंड आहे बघ, विंड म्हणजे वारा ना, म्हणून तसं नाव आहे का? मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, नाही गं, वाऱ्याचा काही संबंध नाही, ते स्पेलिंग तसंच असतं, पाठ करून टाक. ती "बरं" म्हणाली आणि वहीत खाली खाली पाच वेळा विंडो लिहून मोकळी झाली.

तिचं ते "बरं" मला रात्रभर पुरलं.

म्हणजे वाद घातला असता, पण का, कशावरून, असं विचारलं असतं तर इतकं लागलं नसतं. तिने निमूट ऐकलं. आणि मला उत्तर माहीत नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी "माहीत नाही" न म्हणता "संबंध नाही" म्हणालो, ते टोचत राहिलं. लाईट गेलेली, पंखा बंद, कुळागरातून रातकिड्यांचा एकसुरी आवाज आणि मधूनच एखादं पोफळीचं झावळं पडल्याचा धप्पकन आवाज. शेवटी मोबाईलवरच शब्दकोश उघडून बसलो.

संबंध होता. नुसता संबंध कसला, अख्खा शब्दच वाऱ्याचा आहे. इंग्रजीत हा शब्द साधारण १२०० सालाच्या सुमारास लिहिलेला सापडतो आणि तो मूळचा इंग्रजीही नाही, तो उत्तरेकडून समुद्रावरून आलेल्या व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला. विंदाउगा. विंद म्हणजे वारा, आउगा म्हणजे डोळा. वाऱ्याचा डोळा! त्या थंड मुलखातली घरं लांबोडकी, अंधारी, मधोमध चूल पेटलेली, काच वगैरे काही नाही, धूर जायला आणि थोडा उजेड यायला छपराला नाहीतर भिंतीला एक भोक ठेवलेलं असायचं, त्या भोकाला त्यांनी हे नाव दिलं. हे लोक इंग्लंडवर आधी धाडी घालायला आले, मग तिथेच जमीन कसून राहिले, शेजाऱ्यांत लग्नं झाली आणि त्यांचे शब्द तिथल्या भाषेत मुरले. इंग्रजीतला स्काय त्यांचा, एग त्यांचा, नाईफ त्यांचा, आणि हजबंड सुद्धा, हजबंड म्हणजे मुळात घर सांभाळणारा, घरधनी. मारामारीचे शब्द मागे राहिले असतील असं वाटतं, पण राहिले ते हे असे, घरातले, चुलीजवळचे.

त्याआधी इंग्रजांकडे खिडकीला शब्द नव्हता असं नाही. त्यांचा स्वतःचा जुना शब्द होता त्याचा अर्थ डोळ्याचं भोक, आणि आणखी एक होता तो डोळ्याचं दार. दोन्ही मेले. पण त्या पहिल्या शब्दातलं "भोक" एका ठिकाणी अजून जिवंत आहे, नॉस्ट्रिल या शब्दात, नाकाचं भोक, म्हणजे नाकपुडी. पडक्या घराचा एखादा कोरीव खांब दुसऱ्या कुणाच्या घरात लावलेला दिसावा तसं वाटलं ते वाचून.

आणि मग मी उठूनच बसलो, कारण पुढे असं होतं की इंग्रजीतला विंड आणि आपला संस्कृतातला वात हे एकाच मुळातून फुटलेले, आणि आय आणि आपला अक्षि हेही एकाच मुळातले. म्हणजे विंडोचे दोन तुकडे करून एकेक आपल्या घरी आणून ठेवला तर होतो वात आणि अक्ष. आता संस्कृतात खिडकीला शब्द कुठले? वातायन, वारा येण्याजाण्याची वाट. आणि गवाक्ष, गाईचा डोळा. एका शब्दात वारा आहे, दुसऱ्यात डोळा आहे. तिकडच्यांनी ते दोन्ही एकाच भोकात बसवले आणि आपण दोन वेगवेगळ्या शब्दांत वाटून घेतले. हे कुणी ठरवून केलेलं नाही, इकडचा माणूस तिकडे सांगायला गेलेला नाही, भिंतीतल्या पोकळीकडे बघून दोन्हीकडच्या माणसांना वारा आणि डोळाच आठवला, बस. शाळेत गवाक्ष हा शब्द मी समानार्थी शब्दांच्या यादीत पाठ केला होता, त्यात गाय आहे हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमच्या गोठ्यात तेव्हा दोन गाई होत्या. संध्याकाळी कंदील घेऊन गेलं की त्यांच्या त्या मोठ्या, ओल्या, काळ्याभोर डोळ्यांत कंदिलाची वात आणि मागचं गोठ्याचं दार असं सगळं बारीक होऊन दिसायचं. ज्याने पहिल्यांदा गवाक्ष म्हटलं त्याने असंच कधीतरी गोठ्यात उभं राहून पाहिलं असणार, याबद्दल माझी खात्रीच आहे. फ्रेंच लोकसुद्धा भिंतीतल्या गोल खिडकीला बैलाचा डोळा म्हणतात.

आमच्या घरी मात्र तिला यातलं काहीच म्हणत नाहीत. आमच्या घरी जनेल.

गोव्यात जे मराठी शाळेत शिकले त्यांना हे लगेच कळेल. घरात बोलायचं कोंकणी, वहीत लिहायचं मराठी, आणि सहासात वर्षांच्या पोराला या दोन भाषा आहेत वगैरे काही कळत नसतं, त्याला वाटतं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मला कितीतरी दिवस असंच वाटायचं की खिडकी म्हणजे शाळेत असते ती, लोखंडी गजांची, हिरव्या रंगाची, जिच्यातून फळ्यावर ऊन पडतं आणि मग गुरुजी ती लावून घ्यायला सांगतात. आणि जनेल म्हणजे घरी असतं ते, लाकडी, शिंपल्यांचं. पुस्तकात "खिडकी उघड" असा धडा होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शाळेचीच खिडकी यायची, घरचं जनेल त्या धड्यात कधी आलंच नाही. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि तिसरी वस्तू आली, विंडो, तिला चित्रात दोन्ही बाजूंना लाल पडदे होते आणि मधे कुंडी. तसली मी आमच्या गावात कुठेच पाहिली नव्हती.

जनेल पोर्तुगीजांचं, हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. पण जानेला या त्यांच्या शब्दाचा अर्थ मी आजवर शोधला नव्हता, तो त्या रात्री शोधला. लॅटिनमध्ये यानुआ म्हणजे दार, आणि त्याचं लहान रूप म्हणजे जानेला. छोटं दार. ज्या दोन तोंडांच्या रोमन देवावरून जानेवारी आला तो जानुसही याच घराण्यातला, दारांचा देव. हे छोटं दार पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरलं आणि नुसतं आमच्याकडेच राहिलं नाही, तमिळमध्ये जन्नल झालं, मल्याळममध्ये जनल, सिंहलीत गेलं, बंगालीत जानाला होऊन बसलं. एवढ्या सगळ्या भाषांत आधी खिडक्या नव्हत्या का, होत्याच की, पण नव्या तऱ्हेची खिडकी आली आणि येताना आपलं नाव घेऊन आली. आमचा फोंडा महाल तर पोर्तुगीजांकडे गेला १७६३ साली, पणजीकडच्या तिसवाडीच्या अडीचशे वर्षं नंतर, तरी आमच्या आज्यापणज्यांच्या तोंडी जनेलच होतं.

आणि खिडकी? मला वाटलं होतं निदान ती तरी साधी सरळ खिडकी असेल. तिचं मूळ खडक्किका, म्हणजे बाजूचं लहान दार, मागचं दार. पुण्याच्या शनिवारवाड्याला पाच दरवाजे, त्यातल्या एकाचं नाव खिडकी दरवाजा आहे हे शाळेच्या सहलीत ऐकलं होतं, तेव्हा खिडकीला दरवाजा कसं म्हणतात असं वाटून गेलं होतं. म्हणजे जनेलही छोटं दार आणि खिडकीही छोटं दार.

इथे येऊन मी मोबाईल खाली ठेवला. पुढे वाचवेना.

बाबांना अटॅक आला तो तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये. गावातले लोक म्हणाले अंगावरून वारं गेलं. डॉक्टर स्ट्रोक म्हणाले. सकाळी आई चहा घेऊन गेली तर त्यांना उठता येईना, तोंड एका बाजूला झालेलं, उजवा हात मेल्यासारखा. ॲम्ब्युलन्सने नेलं, स्कॅन झाला, आणि एका तरुण डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, शेवटचं नीट बोलताना-चालताना यांना कुणी, किती वाजता पाहिलं? मी आईला विचारलं. आई म्हणाली, रात्री दहाला, जोराचा पाऊस आला म्हणून उठून जनेल धांपलं आणि झोपले. डॉक्टरने घड्याळ पाहिलं. मग समजावून सांगितलं, की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, झोपेत झालं असेल तर शेवटचं नीट पाहिलं तिथून वेळ मोजायची, दहा ते सकाळचे सात म्हणजे नऊ तास. मग तो हळू आवाजात म्हणाला, विंडो निघून गेलीय. तो चांगला मुलगा होता, सांगताना त्याला जड जात होतं हे दिसत होतं. पण त्या शब्दाचा तो अर्थ मला नवीन होता आणि त्या क्षणी मला खरोखरच आमच्या घरचं जनेल दिसलं, रात्री दहाचं, पावसातलं, बाबा दोन्ही झडपा ओढून घेतायत ते.

हा शब्द किती ठिकाणी जाऊन बसलाय. तिकिटाची विंडो, दुकानाची, पाकिटाला पत्ता दिसायला असते ती, रक्ताच्या तपासणीतला विंडो पिरियड, रॉकेट सोडायची विंडो, कॉम्प्युटरवरची मायक्रोसॉफ्टची तर १९८५ पासून आहेच. सगळीकडे अर्थ तोच, भिंत आहे आणि तिच्यात थोडी जागा मोकळी आहे. फक्त काळाला भिंत असते आणि तिलाही भोकं असतात, ती आपली आपण बंद होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आणलं तेव्हा बाबांना समजत सगळं होतं पण शब्द सापडत नव्हते. चमच्याला पेन म्हणायचे. आईला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे आणि चुकलं हे त्यांनाच कळायचं, मग डोळे मिटून घ्यायचे. त्यांचा पलंग आम्ही जनेलाला लावून ठेवला होता, उजेड यावा, वारा यावा म्हणून. रोज सकाळी डावा हात वर करून ते जनेलाकडे दाखवायचे आणि म्हणायचे, "दार. दार उकतें कर." पहिल्या दिवशी मी जाऊन खोलीचं दार उघडलं. ते मान हलवायचे, नाही नाही, परत बोट दाखवायचे, दार. स्पीच थेरपीच्या मॅडमनी सांगितलं होतं की शब्द चुकला तर बरोबर शब्द आपण सावकाश म्हणून दाखवायचा. म्हणून मी त्यांच्या तोंडासमोर बसून म्हणायचो, "दार न्हय बाबा, जनेल. ज-ने-ल." रोज. पणजीहून शनिवारी आलो की पहिलं काम हेच. ते माझ्याकडे बघत राहायचे. कधी प्रयत्न करायचे, ज वर अडकायचे, ओठ थरथरायचे. मग पुन्हा दार. चौदा महिने त्यांनी त्याला दारच म्हटलं आणि चौदा महिने मी ते दुरुस्त केलं.

त्यांच्या मेंदूतल्या तुटक्या वाटांवरून तो शब्द कसा आला असेल हे मी सांगू शकत नाही. दार आणि जनेल शेजारशेजारच्या गोष्टी, एक हरवलं की शेजारचं हाताला लागतं, एवढंच असेल. पण ते चूक नव्हतं. चूक नव्हतं हे कळायला मला एका आठ वर्षांच्या मुलीला चूक ठरवावं लागलं.

आता त्या जनेलाबद्दल. शिंपले म्हणजे नक्षीचे नाहीत, चांगले तळहाताएवढे चपटे, गोल, दुधी रंगाचे शिंपले असतात, झुआरीच्या चिखलीकडच्या उथळ चिखलात ते मिळायचे. ते चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकावर एक सरकवून बसवायचे. काच महाग होती तेव्हाची ही सोय. आता तो शिंपला वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, काढता येत नाही, म्हणजे फुटला की गेला, नवा बसत नाही. आमच्या जनेलाचे अकरा फुटलेत, तिथे बाबांनी कधीकाळी पत्र्याचे तुकडे लावले होते. बंद जनेलातून बाहेरचं काही दिसत नाही. उजेड मात्र येतो, आणि तो उजेड मी दुसरीकडे कुठेच पाहिलेला नाही, पेजेच्या निवळीसारखा, पांढरा पण डोळ्यांना न लागणारा, दुपारी पलंगावर, चादरीवर, बाबांच्या त्या निर्जीव हातावर पसरलेला असायचा. पावसाळ्यात झडपांच्या फटीतून वारा शिरला की शिंपले खाचेत हलून बारीक कडकड वाजायचे. आई म्हणायची वारा दात वाजवतोय.

बघायला जनेल नव्हतंच ते. बघायचं असेल तर उघडायचं, आणि उघडलं की आधी वारा आत येणार, मग तुम्हाला बाहेरचं दिसणार. आताच्या काचेत बंद करूनच बघायचं असतं. डोळा राहिला, वारा गेला. इंग्लंडात तर १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, जास्त खिडक्या असतील तर जास्त कर, म्हणून लोकांनी आपल्याच घरांच्या खिडक्या विटा लावून बुजवल्या, तशी बुजवलेली घरं तिथे अजून उभी आहेत. ज्यांच्या भाषेत खिडकी म्हणजे वाऱ्याचा डोळा त्याच माणसांनी पैशासाठी ते डोळे लिंपून टाकावेत हे वाचून मला फार वाईट वाटलं. आणि मी दुपारी फोनवर माप कशाचं देत होतो?

सकाळी उठून आईला म्हटलं, ते जनेल राहू दे, स्लायडिंग नको. मला वाटलं तिला बरं वाटेल. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, तू शनिवारी येतोस. पावसात त्या फटीला गोणपाट कोण कोंबतं? रात्री दोनदा उठून फरशी कोण पुसतं? डास किती येतात ते तुला माहीत आहे? पंचाहत्तर वर्षांच्या बाईने निसरड्या कोब्यावरून किती वर्षं चालायचं ते सांग. तिने आवाज चढवला नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या उजेडाबद्दल मी इतका हळवा झालो होतो त्याखालची ओल ती एकटी पुसत होती आणि ते मी कधी पाहिलंच नव्हतं, शनिवारी येईपर्यंत फरशी वाळलेली असायची.

स्लायडिंग बसली. थ्री ट्रॅक, जाळीसकट, एका दिवसात काम झालं. जुन्या झडपा मेस्ताने, म्हणजे सुताराने, जपून काढल्या, एकही शिंपला फोडला नाही, त्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात. नवी खिडकी स्वच्छ आहे, आतून पोफळी दिसतात, विहीर दिसते, मागच्या भाटातली वाट दिसते. फक्त ती एका वेळी अर्धीच उघडते, एक काच सरकवली की ती दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. खोलीतला उजेड आता बाहेरच्यासारखाच आहे.

भाचीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. काल मी चुकलो, तू बरोबर होतीस, विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा. ती खूष झाली, मला वाटलं होतं त्याहून खूप जास्त. तिने वहीत त्या पाच विंडोंच्या प्रत्येक ओमध्ये एकेक बुबुळ काढलं आणि पापण्या काढल्या. मग मला विचारलं, मामा, हे आजोबांना माहीत होतं? मी म्हटलं, त्यांना दुसरं माहीत होतं. आणि दार ते काय, ते तिला सांगत बसलो, तिला जेवढं समजेल तेवढं.

जूनमध्ये पाऊस लागला त्या शनिवारी मी गावी होतो. रात्री मोठी सर आली, लाईट गेली, मी सवयीने उठून बाबांच्या खोलीत गेलो, आता आई तिथे झोपते. खिडकी घट्ट बंद होती, फरशी कोरडी, पावसाचा आवाज काचेपलीकडे कुठेतरी लांब पडत असल्यासारखा. आई जागीच होती. अंधारात म्हणाली, गुदमरतं रे. "दार मातशें उकतें दवर."

मी खिडकीची काच वीतभर सरकवली.